एल्फ तिरंदाज : कोणता घ्यावा, किती घ्यावेत?

हातात शंभर सोन्याची नाणी आहेत. समोर ऑर्कांची फौज उभी आहे. तिरंदाज किती घेऊ?

काल्पनिक दुनियेतले युद्धाचे खेळ नव्यानं खेळायला घेतलेली मुलं पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न विचारतात. पाठोपाठ त्यांचे पालकही विचारतात, कारण मुलगा रात्री जेवतानासुद्धा तिरंदाजांबद्दलच बोलत असतो. बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं : सगळे तिरंदाजच घ्यावेत. लांबून मारतात, स्वतःला खरचटूही देत नाहीत, मग दुसरं कुणी घ्यायचंच कशाला? अशी फौज दोन-तीन चालींत कोसळते आणि नेमकं काय चुकलं, हे खेळणाऱ्याला कळतही नाही.

हे प्रकरण त्या ‘काय चुकलं’चं आहे. समजावून सांगायला दोन खेळ घेऊ. पहिला ‘बॅटल फॉर वेसनॉथ’. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली सुरू केलेला हा खेळ आजही फुकट मिळतो आणि जुन्या, संथ कॉम्प्युटरवरही नीट चालतो. दुसरा ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’चा १९९९ सालचा तिसरा भाग. मधे एक खरी लढाई येईल. ती हैदराबादच्या कोठी भागात झाली होती.

१. एल्फांच्या हाती धनुष्य

एल्फ म्हणजे रानात राहणारी, दीर्घायुषी, चपळ अशी कल्पनेतली जमात. युरोपातल्या लोककथांत ती फार जुनी आहे, पण आज खेळांत दिसणाऱ्या तिच्या रूपामागे मुख्यतः जे. आर. आर. टॉल्किन आहेत. त्यांचं ‘द हॉबिट’ १९३७ साली आलं, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये. त्यातला धनुर्धारी लेगोलस लोकांच्या मनात ठसला. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर बसून खेळायचा खेळ आला आणि पुढच्या व्हिडिओ गेमांनी एल्फांचं हे रूप तिथूनही उचललं : नेम अचूक, पाय हलके, अंग नाजूक.

आपल्याकडे धनुर्धारी म्हटलं की अर्जुन, कर्ण, एकलव्य डोळ्यांसमोर येतात. एकट्याच्या बळावर युद्ध फिरवणारे वीर. स्ट्रॅटेजी गेममधला तिरंदाज तसा नसतो. तो फौजेतला एक शिपाई असतो. त्याची किंमत ठरलेली, ताकद ठरलेली आणि उणीवही ठरलेली. त्याच्याकडे वीर म्हणून पाहिलं की खरेदी चुकते.

२. मारा मोजायचा कसा?

वेसनॉथमध्ये प्रत्येक शिपायाच्या हत्यारापुढे दोन आकडे असतात. एल्फ तिरंदाजाच्या धनुष्यापुढे ५ आणि ४ असे आहेत. म्हणजे एका हल्ल्यात चार बाण, आणि लागलेला प्रत्येक बाण शत्रूचा ५ जीव कमी करतो. ‘जीव’ म्हणजे खेळाडू ज्याला एचपी म्हणतात तो आकडा. तो शून्यावर आला की शिपाई मेला.

चारही बाण लागतीलच असं नाही. बाण लागण्याची शक्यता शत्रू कुठे उभा आहे यावर ठरते. मोकळ्या गवतावर उभ्या ऑर्कला बाण लागण्याची शक्यता ६० टक्के. म्हणून सरासरी मारा असा :

५ × ४ × ०.६ = १२

हे सूत्र लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्यावरच उभा आहे. मात्र सरासरी म्हणजे हमी नव्हे. ६० टक्के शक्यता असतानाही चारच्या चार बाण हुकू शकतात. सुमारे चाळीस हल्ल्यांत एकदा तसं होतंच. म्हणून एका तिरंदाजाच्या भरवशावर चाल रचू नये. दोघांना पुरेल असं काम तिघांकडे द्यावं.

(या प्रकरणातले आकडे खेळाच्या बरीच वर्षं चाललेल्या आवृत्त्यांमधले आहेत. नव्या आवृत्तीत एखादा आकडा इकडेतिकडे होतो, हिशोबाची रीत तीच राहते.)

३. तीन नाणी जास्त कशासाठी?

एल्फांचा साधा तलवारवाला, ज्याला खेळात फायटर म्हणतात, १४ नाण्यांना मिळतो. तिरंदाज १७ नाण्यांना. तलवारवाल्याचा जीव ३३, तिरंदाजाचा २९. म्हणजे पैसे जास्त मोजून आपण कमी जीवाचा शिपाई घेतो. का?

समोर ऑर्कांचा साधा शिपाई, ग्रंट, आहे असं समजू. त्याच्याकडे तलवार आहे, ९ चे दोन घाव, धनुष्य नाही. दोघंही मोकळ्या गवतावर आहेत. वेळ पहाटेची धरू, कारण या खेळात ऑर्क रात्री जोरात असतात आणि दिवसा मंदावतात. पहाटे-संध्याकाळी हिशोब सरळ राहतो.

आपली चाल. तलवारवाला ५ चे चार घाव घालतो : सरासरी १२. तिरंदाज ५ चे चार बाण सोडतो : सरासरी तेही १२. मारा सारखाच. फरक उलट्या माराचा आहे. तलवारीनं हल्ला केला की ग्रंट तलवारीनंच उत्तर देतो : ९ × २ × ०.६, म्हणजे सरासरी १०.८ जीव गेला. बाणानं हल्ला केला की ग्रंटकडे उत्तर द्यायला काहीच नाही. आपलं नुकसान शून्य. जास्तीची तीन नाणी या शून्यासाठी मोजलेली असतात.

आता शत्रूची चाल. ग्रंट तलवार घेऊन तिरंदाजावर येतो. तिरंदाजाकडेही तलवार आहे, पण ५ चे दोनच घाव : सरासरी ६. त्याच जागी तलवारवाला असता, तर त्यानं १२ चं उत्तर दिलं असतं.

म्हणजे तिरंदाज आपल्या चालीत नफ्यात असतो आणि शत्रूच्या चालीत तोट्यात. दर फेरीत दोन्ही चाली येतात. नवखा खेळाडू फक्त पहिली चाल बघतो आणि सगळे तिरंदाज घेतो. दुसऱ्या चालीत त्याच्या फौजेकडे द्यायला उत्तरच उरत नाही.

वेसनॉथमधली आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. इथे बाण मारायचा तर शत्रूच्या शेजारच्या षटकोनी घरातच उभं राहावं लागतं. ‘लांबून मारणं’ याचा अर्थ एवढाच की उत्तर द्यायला समोरच्याकडेही लांबून मारायचं हत्यार हवं. बाण सोडून झाले की तिरंदाज शत्रूच्या शेजारीच अडकलेला असतो. म्हणून ‘कुणावर मारू’ याच्या आधी ‘कुठे उभं राहून मारू’ हे ठरवावं लागतं.

४. झाडांची किंमत

एल्फ रानातले. जंगलाच्या घरात उभ्या एल्फाला घाव लागण्याची शक्यता ४० टक्के किंवा त्याहूनही कमी होते. मोकळ्यावर ती ६० असते. ग्रंटचा तोच हल्ला मोकळ्यावर सरासरी १०.८ जीव नेतो, झाडीत फार तर ७.२. चार-पाच चालींत हा फरक निदान अर्ध्या शिपायाएवढा होतो.

म्हणजे नकाशा बघितल्याशिवाय तिरंदाजांची संख्या ठरवूच नये. वाटेवर झाडी दाट असेल तर तिरंदाज आपल्या किमतीपेक्षा जास्त काम करतात. सगळं मोकळं माळरान असेल तर तेच तिरंदाज महाग पडतात.

५. कोठीतली एक रात्र

लांबून मारा, आडोसा आणि टिकाव या तीन गोष्टी खऱ्या लढाईत कशा एकमेकींवर अवलंबून असतात, हे बघायला कोठीबाहेर जावं लागत नाही.

सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार या भागात हैदराबादची कितीतरी जुनी मराठी घरं आहेत, मराठी साहित्य परिषदही इथेच आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ब्रिटिश रेसिडेन्सीची, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या (रेसिडेंटच्या) निवासस्थानाची, उंच खांबांची इमारत आहे. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक रेसिडेंट असताना, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, ती उभी राहिली. १९४९ पासून तिथे मुलींचं कॉलेज भरू लागलं.

१८५७ च्या उठावात, १७ जुलैच्या संध्याकाळी, तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढाकारानं काहीशे रोहिले पठाण या रेसिडेन्सीवर चालून गेले. मोकळ्यावरून नुसती धडक देण्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी रेसिडेन्सीच्या भिंतीजवळची, पुतलीबावलीच्या बाजूची दोन मोठी घरं ताब्यात घेतली आणि तिथून गोळीबार सुरू केला. लांब पल्ल्याचं हत्यार आणि पक्का आडोसा ही जोडी त्यांनी बरोबर जमवली होती.

पण रेसिडेंट डेव्हिडसन यांना हल्ल्याची खबर आधीच लागली होती आणि आत मद्रासच्या घोडदळ तोफखान्याच्या तोफा सज्ज होत्या. बंदुकीच्या गोळीला भिंत अडवते, तोफेपुढे तिचा भरवसा नसतो. रात्रभर गोळीबार चालला. पहाटे चारच्या सुमारास हल्लेखोरांना ती घरं सोडून माघार घ्यावी लागली. तुर्रेबाज खान पुढे पकडले गेले, त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, जानेवारी १८५९ मध्ये ते कैदेतून निसटले आणि त्याच महिन्यात तूप्रानजवळ मारले गेले. आज कोठीतल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

ते खेळातले शिपाई नव्हते, जीव पणाला लावलेली माणसं होती. त्यांच्या धाडसाचा हिशोब नाण्यांत होत नाही. मात्र त्या रात्रीच्या रचनेतून एक नियम स्पष्ट दिसतो. आडोशातून केलेला मारा तोवरच भारी असतो, जोवर समोरच्याकडे आडोसा फोडणारं काही नाही. शत्रूकडे असं काही असेल, तर तिथवर पोचून ते बंद पाडणारं दुसरं दल आपल्याजवळ लागतं. नेमबाज कितीही चांगले असले तरी एकटे पुरे पडत नाहीत.

६. बाण कुणाला लागतो?

आता निवडीतला सर्वात मोठा भाग : समोर कोण आहे?

वेसनॉथमध्ये प्रत्येक हत्याराचा एक प्रकार असतो. तलवार कापते, गदा ठेचते, बाण भोसकतो. प्रत्येक शत्रू कुठल्या प्रकाराला किती दाद देतो, हेही ठरलेलं असतं. तोच तिरंदाज, तेच मोकळं रान, आणि तीन वेगळे शत्रू घेऊ.

ऑर्क ग्रंट : बाणाचा परिणाम नेहमीसारखा. ५ × ४ × ०.६ = १२.

हाडांचा सांगाडा : भोसकायला मांसच नसल्यामुळे बाणाचा जोर ६० टक्क्यांनी घटतो, ५ चा २ होतो. २ × ४ × ०.६ = ४.८.

ड्रेक, म्हणजे आग ओकणारा पंखवाला सरड्यासारखा योद्धा : बाण त्याला जास्त लागतो, ५ चा ६ होतो. शिवाय अंग मोठं असल्यानं गवतावर त्याच्यावरचा नेम ७० टक्के बसतो. ६ × ४ × ०.७ = १६.८.

सतरा नाण्यांचा एकच शिपाई, आणि शत्रू बदलला की त्याचं काम ४.८ पासून १६.८ पर्यंत बदलतं, साडेतीन पट. ‘एल्फ तिरंदाज चांगला आहे का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘कुणासमोर?’ हे जोडलं की उत्तर मिळतं. ड्रेककडे आगीचा फूत्कार असतो आणि तो बाणाला उलटं उत्तर देतो, हेही मोजायला हवं. तरीही ड्रेकांविरुद्ध तिरंदाज भरपूर घ्यावेत. सांगाड्यांविरुद्ध जवळजवळ घेऊच नयेत.

७. बढती : रेंजर की मार्क्समन?

लढता लढता तिरंदाज अनुभवी झाला की खेळ विचारतो : याला रेंजर करायचं की मार्क्समन? बढती दिली की परत फिरता येत नाही, म्हणून मुलं इथे फार वेळ अडतात.

रेंजर : जीव ४२, बाण ७ चे चार, तलवार ७ चे तीन घाव. जंगलात तो शत्रूला दिसत नाही.

मार्क्समन : जीव ३७, बाण ९ चे चार, तलवार ६ चे दोनच घाव. त्याचं वैशिष्ट्य असं की तो स्वतः हल्ला करतो तेव्हा बाण लागण्याची शक्यता ६० टक्क्यांखाली कधीच जात नाही, शत्रू कुठेही लपलेला असो.

शत्रू मोकळ्यावर असताना रेंजरचा सरासरी मारा १६.८ आणि मार्क्समनचा २१.६. फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही. आता तोच ग्रंट किल्ल्यात बसवा. तिथे इतरांचा बाण ४० टक्केच लागतो. रेंजर ११.२ वर घसरतो, मार्क्समन २१.६ वर कायम राहतो. किल्ल्यातल्या शत्रूवर रेंजरचे चारही बाण हुकण्याची शक्यता आठात एक आहे. मार्क्समनची चाळिसात एक.

मग रेंजर घ्यायचाच कशाला? तर शत्रूच्या चालीसाठी. मार्क्समनची ती खुबी त्याच्या स्वतःच्या हल्ल्यापुरतीच आहे. ग्रंट अंगावर आला की मोकळ्यावर रेंजर तलवारीनं सरासरी १२.६ चं उत्तर देतो, मार्क्समन ७.२ चं.

यावरून निवड अशी करावी. शत्रू किल्ल्यात किंवा डोंगरात ठाण मांडून बसला असेल आणि तुमच्याकडे पुढे उभं राहायला तलवारवाले असतील, तर मार्क्समन. तिरंदाजाला जंगलात एकट्यानं फिरून बाजू सांभाळायची असेल, तर रेंजर.

८. दुसरा खेळ, दुसरा हिशोब

‘हीरोज ३’मध्ये तिरंदाज खरोखर लांबून मारतात, रणांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे एल्फ दोन दर्जांचे आहेत. साधा वुड एल्फ २०० नाण्यांना आणि त्याच्या वरचा ग्रँड एल्फ २२५ नाण्यांना. दोघांचा जीव १५, हल्ला ९, बचाव ५, बाणांचा साठा २४. ग्रँड एल्फ थोडा चपळ असतो, पण मोठा फरक हा की तो एका चालीत दोनदा बाण सोडतो.

आठवड्याला सात एल्फ मिळतात. साधे घेतले तर १,४००, वरचे घेतले तर १,५७५. फक्त १७५ नाण्यांत मारा दुप्पट. कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं घेणारा विद्यार्थी जाडजूड पण जुन्या अभ्यासक्रमाचं स्वस्त पुस्तक सोडतो आणि थोडे जास्त पैसे देऊन चालू अभ्यासक्रमाचं घेतो. कामी येणाऱ्या पानामागे त्याला तेच स्वस्त पडतं. इथेही किंमत शिपायामागे न मोजता बाणामागे मोजावी. वरच्या दर्जाचं घर बांधण्याचा खर्च आधी करावा लागतो, पण दर आठवड्याला एल्फ घ्यायचे असतील तर तो लवकर वसूल होतो.

मात्र या खेळात तिरंदाजाला तीन अडचणी आहेत. शत्रू दहा घरांहून लांब असेल तर मारा निम्मा. किल्ल्याच्या भिंतीआड असेल तरी निम्मा. आणि शत्रू अगदी शेजारी येऊन उभा राहिला तर बाण सोडताच येत नाही. हातघाई करावी लागते, आणि तिथेही जोर निम्माच. मारा दुप्पट झाला तरी ग्रँड एल्फचा जीव १५ च राहतो. तो टिकवायला कुणीतरी मधे उभं राहायलाच हवं.

एल्फांच्याच गावात ते काम करणारा शिपाई मिळतो : डेंड्रॉइड, चालतं झाड. तो फार हळू चालतो, पण ज्याला मारतो त्याला मुळांनी जागीच बांधून ठेवतो. डेंड्रॉइडनं शत्रूला धरायचं आणि मागून ग्रँड एल्फांनी बाण सोडायचे. १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला इंग्रज तिरंदाजांनी आपल्यापुढे टोकदार लाकडी खुंट रोवून फ्रेंच घोडदळाला रोखलं होतं, त्यामागे हाच विचार होता.

९. शंभर नाण्यांची खरेदी

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. वेसनॉथचे दर पुन्हा मांडू : तलवारवाला १४, तिरंदाज १७, शमन १५, घोडेस्वार टेहळ्या १८. शमन जखमी साथीदारांना दर फेरीत बरं करते आणि तिच्या वेलींत अडकलेल्या शत्रूचा मारा तेवढ्यापुरता निम्मा होतो. एल्फांच्या पक्षात मानवी जादूगार आणि वोज नावाचा वृक्षमानव हेही मिळतात, प्रत्येकी २० नाण्यांना.

समोर ऑर्क असतील तर : दोन तलवारवाले, दोन तिरंदाज, एक शमन, एक टेहळ्या. २८ + ३४ + १५ + १८ = ९५.

समोर ड्रेक असतील तर : तीन तिरंदाज, दोन तलवारवाले, एक शमन. ५१ + २८ + १५ = ९४.

समोर सांगाडे असतील तर : दोन जादूगार, एक वोज, एक शमन, एक तलवारवाला. ४० + २० + १५ + १४ = ८९. इथे एल्फ तिरंदाज एकही नाही. जादूगाराची आग आणि वोजचा ठोसा सांगाड्यांना जास्त लागतो, बाण फारसा लागत नाही.

या याद्या पाठ करू नका. खेळ बदलेल, आकडे बदलतील, आवृत्ती बदलेल. खरेदीच्या पडद्यावर हात थांबवून तीन प्रश्न विचारायची सवय मात्र लावून घ्या : माझा बाण समोरच्याला किती लागतो? मी कुठे उभा राहून मारणार? आणि शत्रूची चाल आली की माझ्या पुढे कोण उभं असेल? तिन्हींची उत्तरं मिळाली की तिरंदाज मनसोक्त घ्या. तिसऱ्याचं उत्तर ‘कुणीच नाही’ असं आलं, तर त्या पैशांत आधी तलवारवाला घ्या.

मुलांना हे शिकवताना मी आग्रहानं सांगतो की हिशोब कागदावर करा, अंदाजानं नको. पंचविशीतला इंजिनिअर असो की सातवीतली मुलगी, ५ × ४ × ०.६ एकदा स्वतःच्या हातानं मांडलं की टक्केवारी आणि शक्यता या गोष्टी पुस्तकातून बाहेर येऊन कामाला लागतात. पुढच्या डावाला बसाल तेव्हा शेजारी एक वही ठेवा आणि पहिल्या पाच हल्ल्यांचा मारा आधी मांडून मग बाण सोडा.